तांब्याची नळी

॥ श्री ॥
कोल्हापूर,
दि. २० नोव्हेंबर १९५८

चि. सौ. प्रतिमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी सकाळी सुखरूप पोचलो. मिरजेपर्यंत बसायला जागा मिळाली, पण शेजारचे गृहस्थ वाटभर घोरत होते. तू दिलेल्या दशम्या निम्म्या त्यांनीच खाल्ल्या होत्या, तेव्हा घोरण्याचा त्यांना हक्क होता म्हणायचं. आत्याबाईंना चंदनाचा साबण फार आवडला. वापरत नाहीत. पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वास घ्यायला देतात.

दिवाळीचे तीन दिवस जावईबापूंच्या गाडीने खाल्ले, याचा राग मनात ठेवू नकोस. बाबा मुलीकडे आले की मोटारीकडे, असं तू विचारलंस. खरं सांगू? संस्थानचा मोटारखाना बंद झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. एकोणीस वर्षांची विलायती गाडी, दोनच माणसं बसणार, टप फाटलेला, पण इंजिनचा आवाज काय गोड आहे. रत्नाकररावांना गाडीची पारख आहे. निगा राखायचं तेवढं अजून शिकायचंय.

पुढचं त्यांना वाचून दाखव. जुन्या ब्रेकच्या नळ्यांना गंजाचे पापुद्रे सुटले होते, म्हणून सगळ्या काढून नव्या घातल्या. पुढच्या पोलादी मिळाल्या. मागच्या चाकांकडे जाणारी लांब नळी तुमच्या बंगळुरात जे. सी. रोडच्या दुकानांत कुठेच मिळेना, म्हणून ती तांब्याची केली. दुकानदार नको म्हणत होता, पण मी बत्तीस वर्षं तांबं घालत आलोय. नळी जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या गंजून तुटल्या होत्या. तिथे सध्या डांबरी सुतळी बांधलीय. पट्ट्या मिळाल्या की बसवून घ्या, घाई नाही. नळ्यांतली हवा पूर्ण काढलीय, गळतीही पाहिलीय. पेडल दाबून शंभरपर्यंत मोजलं, पाय तसूभरही खाली गेला नाही. खाली पसरलेलं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी कोरडंच होतं.

शेजारच्या हयवदनरावांना नमस्कार सांग. रत्नाकररावांच्या कारखान्यात नकाशे काढणारा माणूस, पण माझ्या हाताखाली असा राबला की जुना गडी वाटावा. त्यांच्या विमलाबाई माहेराहून आल्या असतील, त्यांनाही नमस्कार. त्यांच्या छोट्या नीरजाला आशीर्वाद.

बाप मुलीकडे लोभाची विनंती करत नाही, तरी तो असू दे.

तुझा बाबा,
येसाजी

॥ श्री ॥
जयनगर, बंगळूर,
दि. ९ जानेवारी १९५९

ती. बाबांस,
प्रतिमाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आत्याबाईंचा खुबा मोडल्याचं तुमचं कार्ड त्याच आठवड्यात आलं, म्हणून तार केली नाही. त्यांना अंथरुणावर टाकून तुम्ही निघाला असतात.

बाबा, हयवदन अण्णा गेले.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, हे आणि अण्णा पहाटे नंदीच्या डोंगरावर गेले होते. येताना उतारावर एका वळणाला ह्यांनी ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. पुन्हा पुन्हा दाबलं, काही नाही. हातब्रेक ओढला, त्यानेही गाडी थांबली नाही. पुढच्या वळणाला गाडी चिंचेच्या झाडावर गेली. अण्णा बाहेर फेकले गेले. त्यांना इथल्या इस्पितळात आणलं. विमलाअक्का पोचल्या तेव्हा ते बोलत होते, दुपारी संपले. ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. आज ना उद्या उठून बसतील, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

पोलिसांनी ह्यांच्यावर बेदरकार गाडी चालवून माणूस मारल्याचा खटला भरलाय. ब्रेक लागला नाही, हे ह्यांचं म्हणणं कुणी मानत नाही. मोटार इन्स्पेक्टरने गाडी पाहिली. एक नळी तुटलीय हे त्याला दिसलं, पण ती झाडावर आपटल्यामुळे तुटली असणार, असं त्याने लिहून दिलंय. त्यातच विमलाअक्कांनी पोलिसांना सांगितलं की हे नेहमीच वेगात चालवतात. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तुम्ही पाहिलीत. तिच्यावरून रोज कोथिंबीर, विरजण, वर्तमानपत्र इकडून तिकडे जायचं. आता मी अंगणात गेले की त्या आत जातात. नीरजा मात्र भिंतीला धरून उभी राहते आणि माझ्याकडे बघत राहते.

माझे दीर आलेत, ते वकिलांचं बघतात. तुम्ही काळजी करू नका.

एक विचारायचं होतं. ह्यांचा चष्मा गाडीत राहिला होता, तो आणायला मी पोलीस ठाण्याच्या आवारात गेले होते. तेव्हा वाकून पाहिलं. तुटलेल्या नळीचं तोंड निम्मं काळपट दिसलं आणि निम्मं लखलखीत. आपटून तुटलं तर असं दिसतं का?

ह्यांचा नमस्कार. आत्याबाईंना जपा. आमच्यावर आहे ती माया राहू द्या.

आपली,
प्रतिमा

॥ श्री ॥
कोल्हापूर,
दि. १४ जानेवारी १९५९

चि. सौ. प्रतिमा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून हयवदनरावांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. आज संक्रांत. घरात तिळगूळ केला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आपटून तुटलेली नळी सगळीच्या सगळी लखलखीत दिसते आणि तोंडाशी वाकते. निम्मी काळी असेल, तर तिथे आधीपासून तडा होता. काही दिवस, कदाचित काही आठवडे. तड्यात तेल आणि धूळ शिरून तो भाग काळा पडतो. उरलेला भाग तग धरतो आणि एके दिवशी जोरात पेडल दाबलं की सुटतो. तेल एका ठिकाणी गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणजे रत्नाकरराव खरं बोलताहेत.

कुठली नळी तुटली, ते तू लिहिलं नाहीस. तू मोटारखान्यात वाढलेली मुलगी. तांबं आणि पोलाद तुला ओळखता येत नाही असं नाही. म्हणून ती नळी कुठली, हे तू न लिहिताच मला कळलं.

आता दोन गोष्टी पाहून ये. नळी मागच्या जोडाच्या अगदी तोंडाशी तुटलीय का? आणि मी बांधलेली सुतळी शाबूत आहे का? जे दिसेल तेच लिही. माझ्याकडे बघून लिहू नकोस.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥
जयनगर, बंगळूर,
दि. २५ जानेवारी १९५९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. हवालदार आधी सोडेना, बाईमाणसाने गाडीखाली शिरायचं काय काम, म्हणाला. मी म्हटलं, माझा नवरा तुरुंगात जायचाय. मग त्याने तोंड फिरवलं. लुगड्याचा पदर खोचून जमिनीवर पाठीवर झोपले आणि पाहिलं.

नळी मागच्या जोडाच्या तोंडाशीच तुटलीय. सुतळी घासून तुटलीय, तिची दोन टोकं लोंबताहेत. नळीवर जिथे ती घासत होती तिथे तांबं चकचकीत झालंय.

परत येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना ते आधीच माहीत होतं. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी सगळा हिशेब मनाशी लावला होता आणि वकिलांनाही सांगितलं नव्हतं. मी खूप बोलले. तुमच्या नोकरीचं काय, आयुष्याचं काय, म्हटलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "बाबांनी माझ्यासाठी कमरेत वाकून तीन दिवस काम केलं. त्यांच्याकडे बोट दाखवून मला सुटायचं नाही." शिवाय पट्ट्या बसवून घ्या, असं तुमचं पत्र आलं होतं. ते त्यांच्या खिशात होतं. दोन रविवार ते दुकानाला जायचं म्हणाले आणि दोन्ही वेळा गाडी घेऊन फिरायला गेले. हा दोष स्वतःचाच, असं त्यांनी धरून ठेवलंय.

तुम्हाला काहीही कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. मी कळवते आहे. नवऱ्याचा शब्द मोडते आहे आणि बापावर दगड टाकते आहे. यातलं कोणतं पाप मोठं, मला ठरवता येत नाही.

आपली,
प्रतिमा

॥ श्री ॥
कोल्हापूर,
दि. ३ फेब्रुवारी १९५९

श्रीमती विमलाबाई यांस,
येसाजी इंगवले याचा नमस्कार.

मी प्रतिमाचा बाप. आपली भेट झालेली नाही. दिवाळीत मी बंगळूरला होतो, तेव्हा आपण माहेरी होतात. पाकिटावर आपल्या नावाआधी काय लिहावं, इथेच माझा हात बराच वेळ थांबला.

जे सांगायचंय ते सरळ सांगतो. आपल्या यजमानांचा जीव ज्या ब्रेकमुळे गेला, तो माझ्या हातचा होता. मागच्या चाकांची नळी मी तांब्याची केली. नळी तांब्याची असली, तर ती दर वीतभर अंतरावर पट्टीने घट्ट धरून ठेवावी लागते. नाहीतर गाडीच्या थरथरीने ती जोडाशी कडक होते आणि तडकते. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं आणि मी कित्येकांना शिकवलं. पट्ट्या तुटल्या होत्या. नळी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानं दिवाळीमुळे बंद होती. मी सुतळी बांधली. एक दिवस थांबून पट्ट्या आणता आल्या असत्या, पण मला गाडी चालवून दाखवायची हौस होती. नंतर पत्रात लिहिलं, पट्ट्या बसवा, घाई नाही. नळी गळत नाही हे मी नीट पाहिलं. उद्या ती टिकेल का, हे पाहिलं नाही.

रत्नाकररावांना हे ठाऊक आहे आणि ते माझ्यासाठी गप्प बसले आहेत. त्यांचा वेग असेल जास्त, नसेल, ते मी सांगू शकत नाही. पण ब्रेक गेला होता, हे खरं. कोर्टालाही मी असंच लिहून पाठवलंय आणि बोलावतील तेव्हा येणार आहे.

क्षमा मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. ज्याच्या हातून झालं त्याचं नाव आपल्याला माहीत असावं, इतकंच.

आपला,
येसाजी इंगवले

॥ श्री ॥
जयनगर, बंगळूर,
दि. २ मार्च १९५९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुनावणी सोळा तारखेला, सोमवारी आहे. समन्स तुम्हाला पोचलंच असेल. आत्याबाईंजवळ शेजारच्या मथुरावहिनी राहायला तयार आहेत हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही कोर्टाला लिहिलंत हे वकिलांकडून कळलं तेव्हा ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाबांना उतरायला घरीच आण, धर्मशाळेत नको. विमलाअक्कांकडून काही कळत नाही. त्यांचे भाऊ विश्वेश्वर येऊन सामान बांधताहेत. त्या चामराजपेटला आईकडे कायमच्या चालल्या आहेत.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय तुमच्यापुढे उभी राहू शकणार नाही. बाबा, मला तुमचा राग आलाय. तुम्ही खरं सांगितलंत याचा अभिमान वाटतो, ह्यांच्यावरचं ओझं हलकं झालं म्हणून हायसं वाटतं, आणि तरी सुतळी आठवली की राग येतो. तुमच्या हातचं काम म्हणजे बघायला नको, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले. हा राग कधी जाईल माहीत नाही. तुम्ही आल्यावर मी जेवायला वाढीन, पाय चेपीन, पण तो मनात असेल. तुम्हीच म्हणालात, माझ्याकडे बघून लिहू नकोस.

सांभाळून या.

तुमची,
प्रतिमा

॥ श्री ॥
चामराजपेट, बंगळूर,
दि. २९ मार्च १९५९

श्री. येसाजीराव इंगवले यांस,
सा. न. वि. वि.

आमचं मराठी बंगळूरचं, कैक पिढ्या कन्नडाच्या शेजारात राहिलेलं. लिहायची सवय तर स्वल्पच. चुकेल ते सांभाळून घ्या. हे पत्र मी माझ्या भावाला न दाखवता लिहिते आहे.

कोर्टात तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं. सरकारी वकिलांनी विचारलं, किती वर्षं हे काम करता. तुम्ही बत्तीस सांगितलं. मग ते म्हणाले, इतकं येत असताना सुतळी का बांधली? मला वाटलं आता काहीतरी कारण सांगतील, वय झालं म्हणतील, घाईत होतो म्हणतील. तुम्ही म्हणालात, "सवय झाली होती. आजवर काही झालं नव्हतं." आणि खाली उतरलात.

त्यानंतर मी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाही, तुम्हाला बाहेर बसवलं होतं. प्रतिमानं कळवलं असेल, पण मला माझ्या हातानं लिहायचं आहे. आमचे हे इस्पितळात दोन तास शुद्धीवर होते. मला म्हणाले, "ब्रेक लागलाच नाही. रत्नानं झाड स्वतःच्या अंगावर घेतलं. त्याला काही बोलू नकोस." हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पोलीस आले तेव्हा मी म्हटलं, ते नेहमी वेगात चालवतात. ते खोटं नव्हतं. पण सांगायचं होतं ते पोटात ठेवलं. रत्नाकर अण्णांचा दोष नाही म्हटलं, तर मी रागवायचं कुणावर? तो राग होता म्हणून मी सकाळी उठत होते, नीरजाची वेणी घालत होते. तो काढून घेतला असता तर उठले नसते.

तुमचं पत्र आलं आणि रागाला नवीन माणूस मिळाला. आठ दिवस तुमच्यावर पुरता राग काढला. नवव्या दिवशी मला माझीच शरम वाटायला लागली. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तरी तुम्ही सांगितलं. मला तर विचारलं होतं.

न्यायाधीशांनी रत्नाकर अण्णांना सोडलं. आधी का बोलला नाहीत म्हणून मला दोन शब्द ऐकवले, ते बरोबरच होते. तुम्ही त्याच दिवशी आगगाडीनं परत गेलात.

जयनगरचं घर मी परवा सोडलं. त्याआधी रत्नाकर अण्णांची गाडी पोलिसांनी आणून दिली होती. मला वाटलं भंगारात देतील. रत्नाकर अण्णा कुबड्या बाजूला ठेवून गाडीजवळ जमिनीवर फळी टाकून बसले आणि सगळ्या नळ्या काढून पोलादी घालायला लागले. मद्रासहून मागवल्या म्हणे. दर वीतभर पट्टी. ही गाडी आपल्याकडे राहायची नाही, पण ज्याच्याकडे जाईल त्याच्याही घरी माणसं असतील, असं ते म्हणाले. त्यांचा पाय चालत नाही, म्हणून पेडल प्रतिमा दाबून धरायची आणि ते खाली जोडांवरून बोट फिरवत जायचे. सकाळी खालचा कागद उचलून उजेडात धरायचे. पहिल्या दिवशी एका जोडाशी डाग निघाला. त्यांनी सगळं खोललं आणि पुन्हा केलं. मी हे भिंतीपाशी उभी राहून पाहिलं. आत गेले नाही. निघताना प्रतिमानं नीरजाला जवळ घेतलं, मी अडवलं नाही.

तुम्हाला क्षमा केली असं मला लिहिता येत नाही. पुढे येईल का, तेही ठाऊक नाही. आमच्याकडे येऊ नका. समोर आलात तर मला सोसणार नाही.

पण एक मागते. दिवाळीत मी इथे आईकडे होते. आमचे हे तीन दिवस तुमच्याबरोबर मागच्या अंगणात होते. मी परत आले तेव्हा ते सांगायला लागले, येसाजीराव असे, येसाजीराव तसे. मी म्हटलं, सरी, बरं बरं, मागून सांगा, आधी मळके कपडे काढून द्या. मग ते राहूनच गेलं. त्यांचे बाकीचे सगळे दिवस माझ्यापाशी आहेत. हे तीन तुमच्यापाशी आहेत.

ते मला लिहून पाठवा. नळीचं, गाडीचं नको. ते काय बोलले, काय खाल्लं, कशाला हसले, माझं किंवा नीरजाचं नाव काढलं का. आठवेल तसं लिहा. लहान असलं तरी सोडू नका.

विमला